पहिल्या महायुद्धातलं वीर चक्र

योगेंद्रला धंदा विचारला की तो 'डिफेन्स अँटिक्स' म्हणायचा, आणि म्हणताना पोट आत घ्यायचा. जळगावात पाइपच्या कारखान्यात बरी नोकरी होती. ती सोडून हा गडी घरच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप आणि भिंग मांडून बसला होता. भंगारवाल्यांकडून, जुन्या बाजारातून, वारलेल्या पेन्शनरांच्या पोरांकडून बिल्ले, बटणं, मेडलं गोळा करायची आणि ऑनलाइन लिलावात चढवायची, एवढंच काम. आता मेडल विकणं हे काही पाप नाही. पण हा त्याखाली जे लिहायचा, त्याला तोड नव्हती. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा वर्दीतल्या झाडून सगळ्यांना वाटलेलं मेडल याच्या पानावर 'अतिदुर्मिळ शौर्यपदक' व्हायचं. धुळ्यातल्या एका लग्नाच्या बँडवाल्याचे खांद्यावरचे झुपके 'ब्रिटिश पलटणीच्या कर्नलचे' म्हणून कोइमतूरला गेले. शाळेतल्या एनसीसीचा बिल्ला कमांडोचा झाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आणि घेणारे तरी काय कमी होते? जन्मात कधी होमगार्डची काठी हातात धरली नाही असले लोक रात्र रात्र जागून बोली लावत. 'सॅल्यूट', 'जय हिंद', 'गूजबंप्स' असं खाली लिहीत. दुसऱ्याची छाती विकत घेऊन आपल्या दिवाणखान्यात टांगायची, त्याला हे देशभक्ती म्हणायचे.

त्याची बायको नूतन डाळमिलच्या ऑफिसात कामाला होती. संध्याकाळी घरी आली की नवऱ्याची पार्सलं बांधायची आणि बांधता बांधता त्याला टोमणे मारायची. "अहो, बँडवाल्याच्या टोपीवरचा कोंबडा पण टाकून द्या की, कर्नलचा म्हणून," असं एकदा म्हणाली, तर तो खरंच विचारात पडला. तिला हसू यायचं, चीडही यायची, पण ती म्हणे जाऊ द्या. फसणारे हौसेनं फसतात, त्याला आपण काय करणार? जोवर विस्तव दुसऱ्याच्या घरात होता तोवर हे ठीक होतं.

होळीला आठवडा राहिला होता तेव्हा पिंपळनेरहून तिच्या आईचा, झुंबरबाईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हातारीनं विचारलं, "वीर उजळाई ग्या का वं?"

नूतनला काही कळेना. मग आईनं सांगितलं. महिन्यापूर्वी जावईबापू एकटेच साक्रीकडे आले होते, तेव्हा घरी चहाला थांबले. देवघरात डोकावले. वीर हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, किती काळा पडलाय, जळगावच्या सोनाराकडून उजळून आणतो, होळीच्या आत परत. आता देवघरातले टाक अधूनमधून सोनाराकडे उजळायला द्यायची रीतच आहे, आणि जळगावचा सोनार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? शिवाय मागणारा जावई. खान्देशात जावयाला नाही म्हणायची सोय नसते. तो दहावा ग्रह, तो मागेल ते द्यायचं आणि वर नारळ द्यायचा. म्हातारीनं नारळही दिला होता.

नूतननं आईला सांगितलं की हो, होतंय काम. फोन ठेवला आणि ती लॅपटॉपपुढं जाऊन बसली.

हा वीर म्हणजे काय, ते इथंच सांगितलं पाहिजे. घरातला कुणी अवेळी गेला, लढाईत गेला, की त्याचा वीर होतो. चांदीच्या पत्र्यावर घोड्यावरची आकृती ठोकून घेतात, तो त्याचा टाक. तो देवांच्या शेजारी बसतो, आणि धुळवडीला घरातला एक पुरुष त्याला नारळासोबत लाल फडक्यात घेऊन, वाजतगाजत होळीभोवती नाचवतो. ज्या घराचा वीर धुळवडीला निघाला नाही, त्या घराकडे वर्षभर बोट दाखवतात.

नूतनचा पणजोबा सुपडू इंग्रजाच्या पलटणीत खेचरं हाकायला गेला होता. पार बसऱ्याकडे. तो तिकडेच तापानं की कशानं गेला, कुणाला कळलं नाही. प्रेत नाही, फोटो नाही, राख नाही. पुढं कधीतरी टपालानं एक चांदीचं मेडल आलं. एका बाजूला दाढीवाला इंग्रज राजा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. सुपडूची बायको सुगंधाबाई तेव्हा पोरवयाची विधवा, टाक करायला घरात चांदीचा कण नव्हता. तिनं तो घोडेस्वार पाहिला आणि तिला वाटलं की सरकारलाच आपली दया आली. "सरकारनी टाक धाडा," असं ती मरेपर्यंत सांगायची, नातसुनेला, म्हणजे झुंबरबाईला, तिनं स्वतः सांगितलं होतं. तेव्हापासून शंभर वर्षं या घरानं त्या घोडेस्वाराला हळदकुंकू लावलं. पाठीमागे इंग्रजांचा राजा फुकटात पुजला गेला तो वेगळाच.

नूतननं नवऱ्याचं पान उघडलं. सगळ्यात वर तोच होता. घासून घासून लख्ख केलेला. आणि खाली लिहिलेलं: 'पहिल्या महायुद्धातलं वीर चक्र. घोडदळातील सरदाराचे. हुतात्म्याच्या घरातून थेट.'

आता वीर चक्र द्यायला सुरुवात झाली ती देश स्वतंत्र झाल्यावर. पहिलं महायुद्ध त्याच्या कितीतरी आधी संपलेलं, आणि वीर चक्रावर इंग्रजाच्या राजाचं मुंडकं कशाला असेल, हे शाळेतल्या पोरानंसुद्धा विचारलं असतं. बोली लावणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. 'रिबन ओरिजिनल आहे का?' एवढंच पुण्याच्या एका संग्राहकानं विचारलं होतं. आणि बोली? लाखो लोकांना सारखं वाटलेलं ते मेडल, त्याची बोली नव्या स्कूटीच्या घरात गेली होती.

तिनं त्याला जाब विचारला, तर साहेबांनी आधी कानावर हात ठेवले, मग आवाज चढवला. म्हणाला, मी काय मनाचं लिहिलं? आईंनीच सांगितलं, हाऊ आमना वीर शे. वीर म्हटल्यावर वीर चक्र नाही तर काय लिहू? नूतनला क्षणभर वाटलं हा खोटं बोलतोय. मग तिच्या लक्षात आलं की नाही, या माणसानं खरोखरच ते ऐकलं, आणि त्याच्या डोक्यात तेवढंच शिरलं. जळगाव शहरात वाढलेल्या या बाबाला घरचा वीर माहीत नव्हता, लिलावातला माहीत होता.

"ते काढा तिथून," ती म्हणाली.

त्यानं काढलं नाही. उलट समजुतीचा सूर लावला. सोनाराकडे एक नवा टाक टाकलाय, चांगला जाड, पगडीवाला, तलवारवाला. आईंना तो देऊ. त्यांची नजर अधू, त्यांना काय कळणार? तुझ्या माहेरी नवी चांदी जाते, आपल्या घरी पैसे येतात, यात कुणाचं वाईट झालं? असं तो पाणी पिता पिता बोलला. लाजच सोडली की माणसाला बोलायला किती सोपं जातं.

नूतनला पासवर्ड ठाऊक होता. तो आंघोळीला गेला तशी ती बसली आणि वर्णनाखाली सगळं खरंखरं लिहून टाकलं. हे वीर चक्र नाही. हे शौर्याचंही नाही, त्या लढाईवर गेलेल्या सगळ्यांना मिळालेलं साधं मेडल आहे. ज्याचं आहे तो सरदार नव्हता, खेचरं हाकायचा. त्याच्या विधवेनं टाक समजून हे देवात ठेवलं, शंभर वर्षं हळदकुंकू लावलं, खाली घासून पाठीमागच्या राजाचं नाक झिजलंय. विकणाऱ्यानं ते सासूकडून उजळायला म्हणून आणलंय. एवढं लिहून तिला हलकं वाटलं. आता एक माणूस बोली लावणार नाही, अशी तिची खात्री होती.

दुपारी ऑफिसात तिनं मोबाइल बघितला. बोली दुप्पट झाली होती. 'काय स्टोरी आहे!' असं एकानं लिहिलं होतं. 'पूजेतली झीज, असा पीस बघायला मिळत नाही,' असं पुण्याच्या त्या संग्राहकानं. विधवा आवडली होती त्यांना. झिजलेलं नाक फार आवडलं होतं. सासूकडून फसवून आणलंय, हे वाचून एकालाही कसंनुसं झालं नव्हतं. 'घरातून थेट, म्हणजे खात्रीचा माल,' असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण गाढव निदान गीतेची बोली तरी लावत नाही.

संध्याकाळी योगेंद्र दारातच उभा होता, हातात पेढे. म्हणाला, नूतन, मला माहीतच नव्हतं तू इतकं छान लिहितेस. यापुढे सगळी वर्णनं तूच लिहीत जा. तिनं पेढा घेतला नाही. त्या क्षणी तिला नवऱ्याची इतकी किळस आली की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. खोटं लिहिलं तरी हे लोक घेणार, खरं लिहिलं तरी घेणार. लिहून काही होणार नव्हतं.

होळीच्या दिवशी तो पुण्याच्या गिऱ्हाइकाशी फोनवर गोड गोड बोलत असताना तिनं कपाटातली डबी उचलली, पर्समध्ये टाकली आणि धुळ्याची एसटी पकडली. धुळ्यात गाडी बदलेपर्यंत त्याचे फोनावर फोन आले. घेतला तेव्हा तो रडकुंडीला आला होता. सौदा झालाय, माल गेला नाही तर रेटिंग जाईल, असं म्हणाला. सासूचा देव नेला तेव्हा याचं काही गेलं नव्हतं, आणि रेटिंग जातंय म्हणून याच्या डोळ्यांत पाणी. तिनं फोन बंद करून टाकला, आणि रात्री माहेरी पोचल्यावर आईला लिलावाचं सगळं सांगितलं.

धुळवडीला सकाळी तो पिंपळनेरला हजर. दाढी केलेली, हातात मिठाई आणि सोनाराची नवी डबी. बाहेर डफ वाजायला लागले होते. नूतनचा भाऊ समाधान डोक्याला फेटा बांधून ओट्यावर तयार बसला होता, वीर घेऊन तोच निघणार होता. आत झुंबरबाई देवघरापुढं बसून मेडल डोळ्यांजवळ धरून बघत होती. शंभर वर्षांचा हळदकुंकवाचा थर जावयानं घासून काढला होता, आणि त्याखालचा घोडेस्वार पहिल्यांदाच नीट दिसत होता. त्याच्या अंगावर एक चिंधी नव्हती.

"या नागडाले मी इतला साल कुकू लावं?" म्हातारी म्हणाली.

झालं. योगेंद्रला जणू देवच पावला. तो मांडी घालून सासूपुढं बसला आणि बोलायला लागला. आई, हा आपला वीर नव्हेच. हा इंग्रजांचा कुणी साधू आहे घोड्यावर, त्यांच्यात असे काढतात. मागे आहे तो त्यांचा राजा. असली मेडलं तेव्हा पोत्यानं वाटली, यात काही मोठं नाही, शौर्य नाही, काही नाही. खेचरं हाकणाऱ्यालासुद्धा मिळालं. नूतन दाराशी उभी राहून ऐकत होती. धंद्यात पडल्यापासून या माणसानं एखाद्या वस्तूचं पहिल्यांदाच खरं वर्णन केलं होतं, आणि ते ती वस्तू लाटण्यासाठी. त्यानं नवी डबी उघडून पुढं केली. पगडी, तलवार, भरदार मिशा, घोड्याला झूल. हा खरा वीर, तो म्हणाला, आणि ते मेडल मी सांभाळून ठेवतो.

नूतन दारातून दोन पावलं आत आली. कारण आई नव्या टाकाकडे बघत होती, आणि टाक देखणा होता, यात वाद नव्हता. आई त्याला हो म्हणाली असती, तर नूतनकडे बोलायला काही उरलं नसतं. नागड्या इंग्रजाची बाजू ती कोणत्या तोंडानं घेणार होती?

झुंबरबाईनं मेडलच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग ते जावयापुढं धरलं. "आठे कडले काय लिखेल शे, वाची दखाडा."

त्यानं भिंग काढलं. मेडलच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. त्यानं ती शंभरदा वाचली होती, त्यामुळं आत्ता टाळता आली नाहीत. एक नंबर होता. मग ड्रायव्हर. मग तो अडखळला आणि हळू म्हणाला, "सुपडू."

म्हातारीनं मान हलवली. सुपडूचं नाव या जगात दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नव्हतं, ना उताऱ्यावर, ना दगडावर. मग तिनं नव्या टाकाकडं बोट केलं आणि विचारलं, "आनि तुमना टाकवर कोनं नाव शे?"

त्याच्यावर सोनाराचा शिक्का होता. योगेंद्रनं भिंग खिशात ठेवलं.

झुंबरबाईनं वाटीतली हळद बोटावर घेतली आणि घोडेस्वाराला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जाड लिंपून टाकलं. वर कुंकू लावलं. लाल फडक्यात नारळाशेजारी तो ठेवून गाठ मारली आणि समाधानच्या ओंजळीत दिला. डफांचा आवाज वाढला. नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

जाताना म्हातारी उंबऱ्यात थांबली. सोनाराची डबी तिनं उचलली, जावयाला द्यायची वस्तू म्हणून दोन्ही हातांनी, मान राखून, त्याच्यापुढं धरली.

"हाऊ इका, जवाईबापू," ती म्हणाली, "हाऊ कोनाच नही." आणि पदर डोक्यावर ओढून ती वीरामागं चालायला लागली.