रेल्वेचा कोरा रकाना

हॅकबेरी गावात राष्ट्राध्यक्ष कोणाला करायचं हे कुणी कुणाला विचारत नसे. गव्हर्नरचंही तसंच. ती मतं माणूस जन्मताना बरोबर घेऊनच येतो. पण टेक्सासची मतपत्रिका मोठी लांबलचक. खाली जावं तसे जमीन आयुक्त, शेती आयुक्त, वरच्या कोर्टाचे न्यायाधीश भेटू लागतात आणि भल्याभल्यांचा हात अडखळतो. मग सगळे नेल्डा टिडवेलला फोन करत.

नेल्डाने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. अर्ध्या गावाला तिनेच वाढलं होतं, त्यामुळे कुणाच्या ताटात काय पडावं हे आपल्याला कळतं असा तिचा पक्का समज होता, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरे. ऑक्टोबरात ती चष्मा लावून बसे, उमेदवारांचं छापील सगळं वाचून काढी आणि शेवटी पाककृतीच्या कार्डावर यादी उतरवी. गुरुवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये डॉमिनोचा, पत्त्यांसारखा बोली लावून हुकूम ठरवायचा डाव बसला की ते कार्ड हातोहात फिरे. मतदानाला आत फोन नेता येत नाही, कागद चालतो. साठेक माणसं नेल्डाच्या यादीची नक्कल खिशात घालून आत जात.

त्या कार्डावरची एक ओळ कधीच बदलली नव्हती. 'रेल्वे आयुक्त : कोरं सोडा.'

हॅकबेरीतले रूळ नेल्डा सात वर्षांची असतानाच उखडून नेले होते. तिचे वडील म्हणत, ज्या गावात गाडी येत नाही त्याने गाडीवाल्यांच्या भानगडीत नाक खुपसू नये. नेल्डाला ते प्रामाणिकपणाचं वाटे, म्हणून रेल्वेचं पान ती न वाचताच उलटत असे. कळत नाही तिथे खूण करायची नाही.

त्या वर्षी सप्टेंबरात तिच्या कुरणातली जुनी तेलविहीर वाहू लागली. विहीर आजोबांच्या काळातली, खोदणारी कंपनी कधीच बुडालेली. लोखंडी झाकणाच्या कडेने खारट, तेलकट वासाचं पाणी झिरपत होतं आणि भोवतालचं गवत गोल जळून गेलं होतं. उताराला दोनशे पावलांवर घरची पिण्याच्या पाण्याची बोअर. नेल्डाच्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते काही नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

तिने जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला.

"तेलविहीर ना? मग रेल्वे आयोगाला कळवा, नेल्डाबाई," तिथली कारकून म्हणाली.

"अगं, मी विहिरीचं बोलतेय! तू मला आगगाडीचं काय सांगतेस?"

"नाव रेल्वेचं, काम तेलाचं. फार जुनं नाव आहे, कुणी बदललंच नाही. तेल, वायू, बेवारशी विहिरी बुजवणं, सगळं त्यांच्याकडे. आगगाडी तेवढी नाही."

"हे कधीपासून?"

"तेलाचं तर तुमच्या जन्माच्या आधीपासून असेल बघा."

नेल्डाने गेल्या निवडणुकीचे गावातले आकडे विचारले. दोनशे चौदा जणांनी मत दिलं होतं. रेल्वेच्या रकान्यात त्रेसष्ट कोरी.

"ती त्रेसष्ट माझी," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिला लाज वाटली, चांगली कानापर्यंत. इतकी वर्षं आपण गावाला कच्चं वाढलं, आणि वर लोकांनी आभार मानले.

पण हात टेकून बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने त्याच दिवशी आयोगाकडे विहीर नोंदवली, नंबर घेतला आणि दोन्ही उमेदवारांच्या कचेऱ्यांत एकच प्रश्न विचारला : माझी विहीर कधी बुजेल?

पहिल्याकडचा एक गोड गळ्याचा माणूस दहा मिनिटं टेक्सासच्या भविष्यावर बोलला आणि गाडीला लावायला स्टिकर पाठवतो म्हणाला. दुसरी उमेदवार इंजिनियर बाई होती. ती स्वतःच फोनवर आली.

"खरं सांगू की गोड सांगू?" तिने विचारलं.

"गोड आत्ताच ऐकलं. खरं सांगा."

"यादी मोठी आहे. पिण्याचं पाणी जवळ असल्यामुळे तुमची वर सरकेल, तरी वर्ष जाईल. बोअरचं पाणी मात्र उद्याच तपासून घ्या."

नेल्डाने तपासून घेतलं. अजून तरी चांगलं होतं.

गुरुवारी डाव मांडायच्या आधी ती उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यातून हॉलिस हसला. हॉलिस म्हणजे कापूस पिकवणारा म्हातारा शेजारी, चाळीस वर्षं डावात तिच्या विरुद्ध बसणारा.

"म्हणजे तू आम्हाला एवढी वर्षं पास म्हणायला लावलंस?"

"लावलं. चूक माझी."

"मग आता या कार्डावर भरवसा कसा ठेवायचा, बाई?"

नेल्डाला प्रश्न झोंबला, कारण तो बरोबर होता.

"नको ठेवूस. रेल्वेच्या ओळीत मी नाव लिहिलेलंच नाही, दोघांचे फोन नंबर लिहिलेत. मी बाईंना देणार. तुम्ही तुमचे प्रश्न तुम्ही विचारा."

"मी जन्मात रेल्वेला मत दिलं नाही. आता मेल्यावरच देईन."

"तर मग म्हण पास. पण पास म्हणणाऱ्याला हुकूम ठरवता येत नाही, हे मी तुला दर गुरुवारी दाखवत आलेय."

निवडणूक झाली. इंजिनियर बाई राज्यभरात सपाटून पडल्या. हॅकबेरीचे आकडे आले : मतदार दोनशे एकवीस, रेल्वेच्या रकान्यात कोरं एकच. ते कुणाचं हे कुणाला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलिस टोपी हातात घेऊन नेल्डाच्या दारात आला.

"माझ्या मागच्या शेतातही तसलंच लोखंडी झाकण आहे," तो म्हणाला. "काल बघितलं. कडेने ओलं लागतंय."

नेल्डाच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण तिने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि निवडून आलेल्याच्या कचेरीत फोन लावला. तोच गोड गळा.

"मी हॅकबेरीची नेल्डा टिडवेल. मी तुमच्या साहेबांना मत दिलेलं नाही."

पलीकडे गोडवा थांबला.

"मागच्या खेपेला इथे त्रेसष्ट जणांनी तुमचा रकाना कोरा सोडला होता. या खेपेला एकाने. तो एकही आता माझ्यासमोर बसलाय, आणि पुढच्या खेपेला खूण करणार म्हणतोय. करणार ना रे?"

हॉलिसने कॉफीत बघत मान हलवली.

"करणार म्हणतो. तर आता एका विहिरीचा नंबर लिहून घ्या, आणि दुसरीचा उद्या देते. पेन शोधा सावकाश. मी थांबते."