मनगटाचं माप

गुंडूने शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात टेबलावर आपटला. चहाचे कप नाचले.

"घे माप," तो म्हणाला. "आपल्या बॅचमधी माझ्यापेक्षा जाड मनगट कुणाचं हाय सांग."

आकारामने त्याच्या मनगटाला दोऱ्याचा वेढा घातला, नखाने खूण धरली आणि दोरा पट्टीवर ताणला. शेजारी मोबाईलच्या पडद्यावर मागवायचं घड्याळ होतं. निळी तबकडी, जाड पोलादी पट्टा, थेट स्वित्झर्लंडचं. विकणाऱ्याने खाली मनगटाचा घेर विचारला होता. त्या मापाने पट्ट्याच्या जादा कड्या काढून घड्याळ घरपोच येणार होतं.

"सरांचं ह्याच्याहून जाड," पृथ्वीराज म्हणाला. "माझ्या कानाखाली बसलीती तवा मी बाकासकट आडवा झालतो. गुंड्याच्या हातानं ते जमंल व्हय?"

"जमवून दाखवू?"

सगळे हसले. कागलच्या एमआयडीसीत उन्मेषचा कारखाना होता आणि त्याच्या केबिनमध्ये हे चौघे वर्गमित्र जमले होते. दहावीच्या जुन्या बॅचने इंगवले सरांचा सत्कार ठरवला होता. शाल-श्रीफळ तर काय, कुणीही देतं. सरांना जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी द्यायचं, असं पृथ्वीराजने जाहीर केलं आणि घड्याळाचा शोध लागला. एवढं भारी घड्याळ दुकानात जाऊन, हातात घालून, आरशात बघून घ्यावं, हे चौघांनाही कळत होतं. पण सर निवृत्तीनंतर पन्हाळ्याला जाऊन राहिले होते आणि तेव्हापासून त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. शिवाय 'सर, जरा हात पुढे करा' असं म्हणायची कुणाची छाती होती? ते वाक्य आजवर फक्त सरांनी म्हटलं होतं.

म्हणून चार संसारी, पोट सुटलेले पुरुष गालावरच्या आठवणीवरून मनगटाचा अंदाज बांधत बसले होते. पृथ्वीराजच्या मते तो हात म्हणजे फावडं होता. उन्मेष म्हणाला, फावडं नव्हे, फळी. शेवटी गुंडूचं माप आणि वर दोन बोटं, असा निकाल लागला. जगात कुठल्या गिऱ्हाइकाने घड्याळाचं माप असं दिलं नसेल.

"पण मनानं लय मोठा माणूस," उन्मेष चष्मा पुसत म्हणाला. "मला मारायच्या आधी दर वेळी म्हणायचे, चष्मा काढ. किती काळजी होती बघ."

चष्म्याला पैसे पडतात, कानाला पडत नाहीत, हे आकारामला आठवीतच समजलं होतं. वर्गात कुणीतरी हसलं आणि सरांनी हाताशी आला म्हणून त्याला एक ठेवून दिली. त्या दिवशी डाव्या कानात जी शिटी वाजली ती कधी थांबली नाही आणि हळूहळू त्या बाजूचं बाकी सगळं बंद झालं. पुढे पोलीस भरतीत तो पळाला पहिला, उडी मारली सगळ्यांच्या पुढे, आणि मेडिकलला बाद झाला. आता गडमुडशिंगीत त्याची कुरिअरची एजन्सी होती. धंदा बरा चालायचा. पण रस्त्यात खाकी वर्दी दिसली की तो अजून मान फिरवायचा.

"ऑनलाइनचं तुला कळतंय," पृथ्वीराज म्हणाला. "तूच मागव."

"मागवतो. पण सरांच्या हातात घालणार मी."

"घाल की! त्यात काय!"

त्यात काय ते आकारामलाच ठाऊक होतं. घड्याळ घालून झालं की सगळ्या बॅचसमोर, बायकापोरांसमोर, सरांच्या कानाखाली त्याला एक वाजवायची होती. एकच. मग कुणी काय वाटेल ते म्हणो. इतकी वर्षं त्याने ती सांभाळून ठेवली होती. गुंडूच्या मापात दोन बोटं वाढवून भरताना त्याला एकदाही शंका आली नाही. त्याच्याही मनात तो हात तेवढाच मोठा होता.

सत्काराच्या दिवशी मंगल कार्यालय भरून गेलं होतं. मागच्या अंगाला तांबड्या रश्शाला फोडणी बसली होती आणि तिखट वासाने पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना ठसका लागत होता. सरांची गाडी आली. हलगी कडाडली. गुंडू आणि पृथ्वीराजने दोन्हीकडून धरून एका माणसाला व्यासपीठावर आणलं, तेव्हा आकारामला वाटलं की सर मागून येत असतील.

तेच सर होते. फेट्याखाली चेहरा एवढासा झाला होता. खांद्यावर शाल टाकली तेव्हा शालीच्या वजनानेच ते खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी चिमणाबाई, पदर दोन्ही खांद्यांवर, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही आणि कुणाकडे बघितलंही नाही.

भाषणं सुरू झाली. जो तो उठून आपल्याला किती मार बसला ते सांगत होता आणि प्रत्येक माराला टाळी पडत होती. एकाचं बोट मोडलं होतं, तो आता डेअरीचा मॅनेजर होता. एकाला दिवसभर उन्हात ओणवं उभं केलं होतं, त्याचे दोन बंगले होते. मारून मुटकून वैद्यबुवा झालेली ही सगळी मंडळी स्वतःवर भलतीच खूश होती. पृथ्वीराजने तर माईक हातात घेऊन गाल पुढे केला.

"ह्यो गाल नसता तर ह्यो पृथ्वीराज नसता!"

सर मान हलवत होते. त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे.

मग आकारामचं नाव पुकारलं. तो डबी घेऊन वर गेला. उजव्या हाताचा तळवा घामेजला होता, तो त्याने पँटला पुसला. सरांनी उजवा हात पुढे केला. मानाची वस्तू उजव्या हाताने घ्यायची, म्हणून. आकारामने त्याच हातात घड्याळ घातलं आणि पट्ट्याची कडी दाबली. ती खट्टकन बसली.

त्याने हात सोडला तसं घड्याळ घसरलं. ते मनगटावर एक क्षणही थांबलं नाही. वाळलेल्या उसाच्या कांडीसारखं ते मनगट पट्ट्यात इकडून तिकडे हललं आणि सगळं पोलाद खाली येऊन अंगठ्याच्या बुडाशी अडकलं. सरांनी हात वर केला तर घड्याळ कोपराकडे पळालं. खाली केला, पुन्हा तळव्यावर.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं कार्यालय हसलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आपलीच फजिती झाली म्हणून बॅच हसत होती.

सरांची मान ताठ झाली.

"कोण हसलं?"

आवाज मात्र तोच होता. आकाराम पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्याची पाठ आपोआप सरळ झाली आणि दोन्ही हात बाजूला चिकटले. ठरवलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. तो हसला नव्हता. हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात सरांनी मारली.

हातात जोर नव्हता. पण सैल घड्याळ हाताबरोबर पुढे आलं आणि पोलादाची कड आकारामच्या गालाच्या हाडावर बसली. कातडं फाटलं. रक्त हनुवटीवरून कॉलरवर आलं.

मग मागून शिट्टी आली.

"नाद खुळा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मोबाईल वर झाले. गुंडू तर धावतच व्यासपीठावर चढला आणि सरांसमोर वाकला.

"सर, मला बी एक. प्रसाद म्हणून!"

सरांनी त्याला मारली. गुंडूचा ओठ दातावर फुटला. तो लाल दात दाखवत हॉलकडे वळला, दोन्ही हात वर केले आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग उन्मेष आला. सरांनी सांगण्याआधीच त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग आणखी दोघे. सरांच्या गालांवर रंग चढला होता, ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि आता त्यांना कुणी धरावं लागत नव्हतं.

आकाराम बाजूला गालावर रुमाल दाबून उभा होता. सरांपेक्षा त्याला आता त्या टाळ्यांचा जास्त राग येत होता. ह्या म्हाताऱ्याला मारून काय होणार होतं? ज्याला मारायचं होतं तो हा नव्हताच, आणि जो होता तो ह्या सगळ्यांच्या अंगात वाटून गेला होता. त्याला ओरडावंसं वाटलं. पण कुणाच्या अंगावर ओरडावं ते कळेना.

पृथ्वीराजने खालून आपल्या मुलीला ओढत आणलं. अवंतिका सातवीत होती, चष्मा लावायची. मघाशी तिनेच सरांना गुच्छ दिला होता.

"सर, हिला बी एक ठेवून द्या की. मोबाईलमधनं डोकं वर काढत न्हाय. तुमच्या हातची बसली म्हंजे सुधारंल."

"पप्पा, नको," अवंतिका म्हणाली. तिचं लक्ष गुंडूच्या ओठाकडे होतं. "पप्पा, ते घड्याळ लागतंय."

"लागू दे. आम्हाला काय कमी लागलंय?"

हॉल हसला. पृथ्वीराजने तिला खांद्याला धरून पुढे उभी केली. सरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"चष्मा काढ," ते म्हणाले.

मुलीने काढला नाही. ती रडायच्या बेताला आली होती. पण सरांच्या मागे, खुर्चीत, चिमणाबाईंनी आपला चष्मा काढला. काड्या मिटल्या, तो पदरात गुंडाळला, मांडीवरच्या पिशवीखाली सारला आणि मान किंचित खाली घालून बसून राहिल्या. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. हात रोज चालत असावा इतक्या सवयीने त्यांनी ते केलं.

आकारामने ते पाहिलं.

सरांचा हात वर गेला. घड्याळ चमकलं. आकाराम दोन ढांगांत मध्ये आला आणि त्याने ते मनगट हवेतच धरलं. त्याचा अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटून वर बोटभर उरली. आत दोन हाडं होती, बस्स. दाबलं असतं तर काटकीसारखी मोडली असती. त्याने दाबलं नाही आणि सोडलंही नाही.

"सोड," सर म्हणाले. त्यांनी हिसका दिला. "सोड, गाढवा!"

"ए आक्या, सोड!" पृथ्वीराज ओरडला. "सरांवर हात टाकतोस?"

"काढा रं ह्येला खाली!"

खुर्च्या सरकल्या. गुंडूने मागून येऊन आकारामच्या मानेवर बुक्की घातली. पृथ्वीराजने बरगडीत मारली, एक, मग लगेच दुसरी. आकारामच्या तोंडातून हवा निघून गेली. सरांनी दुसऱ्या हाताच्या नखांनी त्याचं मनगट ओरबाडायला सुरुवात केली. ज्या हाताने मारायचं ठरवून तो आला होता तो हात आता अडकला होता आणि डावा हात त्याने मुलीच्या पुढे आडवा धरला होता. अंगावर येणारं सगळं तो तसंच घेत होता. सोडून द्यावं, असं त्याला एकदा वाटलं. एवढ्या लोकांशी भांडून तो कुठे जाणार होता?

चिमणाबाई उठल्या. पिशवी काखेत मारून त्या सावकाश पुढे आल्या. पृथ्वीराजची मूठ हवेत थांबली.

"बघ, काकू आल्या," तो धापा टाकत म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला हात जोडाय लावतोस व्हय? सोड आता."

चिमणाबाईंनी हात जोडले नाहीत. त्या आकारामच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी पदरातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, त्याच्या गालावरची जखम बघितली आणि मग नवऱ्याचा तो धरलेला हात बघितला. बराच वेळ बघितला.

"सोडू नगंस," त्या म्हणाल्या.

पृथ्वीराजला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"काकू?"

"मी खाली उतरंपर्यंत सोडू नगंस, बाबा."

त्यांनी अवंतिकाचा हात धरला.

"चिमणे," सर म्हणाले. "खाली बस."

चिमणाबाईंचे खांदे आक्रसले. त्या जागीच उभ्या राहिल्या. आकारामच्या मुठीत ते मनगट जोरात ओढ घेऊ लागलं. त्याने आता दुसराही हात लावला. मग मुलीने म्हातारीला हळूच पुढे ओढलं आणि दोघी पायऱ्यांकडे निघाल्या.

गुंडूला ह्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्याने आकारामच्या पाठीत गुडघा घातला. आकारामचा पाय मुडपला, तो एका गुडघ्यावर आला, पण हात वरच राहिले. हॉलमध्ये कुणीतरी ओरडत होतं, पोलिसांना बोलवा. व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. चिमणाबाई आधी एक पाय खाली टेकवत, मग दुसरा त्याच्याशेजारी आणत आणि थांबून श्वास घेत. मुलगी त्यांना धरून होती. गुंडूने पुन्हा मारलं. आकारामने डोळे मिटले, उघडले आणि तिकडे बघितलं. चिमणाबाई अजून दुसऱ्याच पायरीवर होत्या.