धार मला नव्हे, त्याला हवी होती

मी लेथ बोलतेय, लाकूड कातायची. रागात बोलतेय, तेव्हा मध्ये तोंड घालू नका.

कारखान्यात एका दिवशी आम्ही चारशे बहिणी जन्मलो, सगळ्या हिरव्या. दुकानात मला सर्वांत खालच्या फळीवर बसवलं आणि गळ्यात पाटी अडकवली: 'नवशिक्यांसाठी, परवडणारी'. तुमच्या लेकीची अशी ओळख कुणी करून दिली तर चालेल का तुम्हाला?

मला घ्यायला आला एक सलूनवाला. त्याच्या थोरल्या बहिणीच्या काठीची मूठ मोडली होती. ताईंची बोटं संधिवाताने वाकलेली, बाजारातली एकही मूठ हातात बसेना. महिनाभर बाई घराबाहेर पडल्या नव्हत्या. भावाने ठरवलं, मूठ आपणच कातायची. इथवर माणूस चांगला होता.

दुकानदार म्हणाला, "बाकी काही घेऊ नका साहेब, पण धार लावायचा दगड घ्या."

"धारेचं मला सांगता? बावीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोय."

दगड राहिला. त्याऐवजी चकचकीत पेटीतल्या, लाकूड कातायच्या सहा पटाश्या, चामडी एप्रन आणि मान वाकवणारा दिवा एवढं सामान माझ्यासोबत घरी आलं.

हा वस्तऱ्याला दर गिऱ्हाइकाआधी धार लावणारा माणूस. पण पटाश्या नव्या, त्यांना कसली धार लावायची, असं त्याचं शहाणपण. मी फिरले, त्याने पटाशी टेकवली, आणि लाकूड सुटलं ते पत्रा फोडून वर गेलं. अजून खाली आलेलं नाही. खोटं वाटत असेल तर भोक येऊन बघा.

पुढची सात लाकडं उंदराने कुरतडल्यासारखी झाली. शिव्या मात्र मला. "स्वस्तातली घेतली ना, मोटरच मरतुकडी." मरतुकडी? अहो, माझ्या वाऱ्यावर शेजारणीचे कपडे वाळतात.

शेवटी त्याने भंगारवाल्याला बोलावलं. तो माझ्या पायाला दोरी बांधत होता, तेवढ्यात ताई भिंत धरत धरत आल्या. एक पटाशी उचलून त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि भावाची हनुवटी धरली.

"बस. दाढी करते तुझी."

"अगं ताई, बोथट आहे ती."

"मग लाकडाने तुझं काय घोडं मारलंय?"

भंगारवालासुद्धा स्वतःची हनुवटी चोळायला लागला.

भाऊ सलूनमधून दगड आणि चामडी पट्टा घेऊन आला. धार लागली. मग माझ्यावरून लाकडाची साल अशी उतरली, लांब, कुरळी, की सलूनमध्ये नेली असती तर कुणी टोप करून घातली असती. तिसऱ्या खेपेला मूठ ताईंच्या बोटांत बसली. भंगारवाल्याच्या रिकाम्या गाडीला सोबत म्हणून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या.

माझी माफी कुणी मागितली? छे. उलट तो गिऱ्हाइकांना सांगतो, "मशीन आता सुधारली." मी सुधारले म्हणे.

म्हणून सांगते, लेथ घ्यायला निघालात तर आधी दगड घ्या, मग मला घ्या. तेवढं जमत नसेल, तर निदान आमच्या पत्र्याखाली उभे राहू नका. ते पहिलं लाकूड कधीतरी खाली येणारच आहे.