दुपारचा रंग

वाटीतलं फूल कडेकडेने गुलाबी व्हायला लागलं होतं—आणि तसं ते व्हायला नको होतं, कारण रोज सकाळी अंगणातल्या झुडपावरचं एक पांढरंशुभ्र फूल तोडून फ्रिजमध्ये ठेवलं, की गारठ्यात ते दिवसभर पांढरंच राहतं, हे म्हाताऱ्या रफूवाल्याला पक्कं ठाऊक होतं. सुनेने आज फ्रिज पुसायला घेतला होता आणि वाटी ओट्यावर काढून ठेवली होती. तिचं तरी काय चुकलं? सासरा फ्रिजमध्ये फूल का ठेवतो, हे बिचारीने कधी विचारलंही नव्हतं.

"बाबा, ठेवू का परत आत?"

"थांब जरा."

थांब का म्हणालो, हे त्याचं त्यालाच कळेना.

बायकोने त्या झुडपाचं नाव लहरी ठेवलं होतं. तो दुकानात जाताना लहरीची फुलं पांढरी असायची, परतताना लालभडक... मधला गुलाबी त्याने कधी पाहिलाच नाही, तो तिचा. लहरी गुलाबी झाली की मी जेवायला बसते, घड्याळ हवंय कशाला, असं ती सांगायची आणि हा सुईत दोरा ओवता ओवता नुसतं हं म्हणायचा. शेवटच्या आजारात दवाखान्यात तिने मागून मागून काय मागावं—तर दुपारचं फूल. त्याने ते सकाळीच तोडलं, कोमेजू नये म्हणून शेजारच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुपारी मोठ्या ऐटीत घेऊन गेला. रंगाला रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि नेमका हा एक रंग...

"अहो, हे तर सकाळचंच आहे," ती म्हणाली. हसली. संध्याकाळी गेली.

तेव्हापासून तिच्या हातातलं ते पांढरं फूल तो रोज नव्याने गारठ्यात ठेवत आला होता, जणू संध्याकाळ अजून व्हायचीच आहे.

फूल आता पुरतं गुलाबी झालं. असा दोरा त्याच्या डब्यात कधीच नव्हता. म्हणजे हे बघत जेवायची ती... एकटी, इतकी वर्षं, आणि एखाद्या दुपारी दुकान बंद करून घरी यावं, असं मला एकदाही वाटलं नाही?

सून त्याचं ताट वाढत होती.

"तू कधी जेवतेस गं?"

"तुमचं आटोपलं की, इथेच."

"आत्ताच बस."

तिने दुसरं ताट घेतलं. वाटी दोघांच्या मध्ये राहिली. थोड्या वेळाने हे फूल लाल होणार, आणि मग बायको खरोखरच गेलेली असणार, या विचाराने त्याला धडकी भरली होती. तरी वाटी आत ठेव, असं त्याने सुनेला सांगितलं नाही.