दोनशे बारावे पान

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. कोपरे मुडपले आहेत, पाठीला चिकटपट्टी आहे. बाइंडरने दोनदा शिवल्यामुळे अजून तग धरून आहे.

माझ्यात एका पाववाल्याच्या कुटुंबाची गोष्ट आहे. त्यांचा धर्म वेगळा, एवढाच त्यांचा गुन्हा. आधी लोक त्यांच्याकडून पाव घेणे बंद करतात, मग त्यांच्या दारावर खूण केली जाते, आणि दोनशे बाराव्या पानावर शिपाई सगळ्यांना ट्रकमध्ये कोंबून नेतात. परत कुणीच येत नाही. त्या पानाशी वाचक हमखास थबकायचे. एका परिचारिकेने तर मला रागाने भिंतीवर आपटले आणि पाच मिनिटांनी स्वतःच उचलून पुसले. खरे सांगते, मला जरा अभिमानच वाटला.

पण माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचे वाचक म्हणजे म्हातारे घड्याळजी. त्यांच्या लहानपणी त्यांची अख्खी गल्ली अशीच रिकामी करण्यात आली होती. ते मावशीकडे गेले होते म्हणून वाचले. घरच्यांचा ना फोटो उरला, ना कागद. दरवर्षी ते मला घरी नेत, तेवढे एक पान वाचत आणि परत आणून देत.

"माणसं बनवलेली असतील हो," ते ग्रंथपालबाईंना म्हणत, "पण झालं ते अस्संच."

मग एका गृहस्थाने मला आपल्या मुलीसाठी नेले. मुलगी फार हळवी. त्याने आधी स्वतः वाचले, डोळे पुसले आणि ब्लेडने ते पान अगदी शिवणीपासून कापून काढले. मायेपोटीच केले त्याने. मला मात्र ओरडताही आले नाही. आता पाववाला मागचे दार उघडतो आणि लगेच वीस वर्षांनंतरचे प्रकरण सुरू होते. सगळे सुटले असे समजून मुलगी खूश झाली.

गेल्या महिन्यात घड्याळजी कॉलेजात जाणाऱ्या नातीला घेऊन आले.

"आजोबा, तुम्ही जरा वाढवून सांगता," ती म्हणाली. "शेजारीपाजारी असताना असं कुणी नेईल का?"

"दाखवतोच तुला. मागचं दार उघडतो ना, तिथून वाच."

तिने वाचले. "हे तर निसटले की, आजोबा."

त्यांनी मला हातात घेतले. हल्ली पानांचे बारीक आकडे त्यांना दिसत नाहीत. ते कितीदा तरी पुढे-मागे चाळत राहिले.

"नाही गं, नेलं त्यांना. इथंच होतं." मग आवाज खाली गेला. "की माझ्याच डोक्यात काही घोळ झालाय?"

"असू दे, आजोबा. चला, घरी जाऊ," नात समजुतीने म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर रडा, चिडा, हवे तर मला आपटा. पण माझे पान कापू नका. घड्याळजी त्यानंतर आलेले नाहीत, आणि "तुमचे बरोबर होते" एवढे त्यांना सांगायलाही मला येत नाही.