पिंजली की नवी

सकाळी सकाळीच कहकशांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर ताटात तिनंच पिकवलेला मोहरीचा कोवळा पाला, त्यात बोटभर लाल दोरा, आणि तो दोरा चिमटीत धरून शिल्पाताई अख्ख्या मेसला दाखवत होत्या. लातुरातल्या त्या मुलींच्या होस्टेलची मेस त्याच चालवत.

"गादीतला दोरा हाय हा. शेवटी पिंजाऱ्याची लेक! घरातलं जुनंपानं आमच्या पोरींना खाऊ घालती व्हय?"

पिंजाऱ्याची लेक! कष्टाच्या धंद्याचं नाव शिवीसारखं कसं घ्यावं, हे काही लोकांकडून शिकावं. कहकशांच्या अब्बांचं, मोहियोद्दीन यांचं, गंजगोलाईजवळ गादीघर होतं. क्लासच्या नादानं गावोगावची पोरं लातुरात येतात ती झोप मोडून अभ्यास करायला, पण गादी प्रत्येकाला लागतेच, त्यामुळे दुकान बरं चाललं होतं. दुकानाच्या माडीवर कहकशां बिनमातीचा पाला उगवायची. मोहरी, मुळा, मेथी. बोटभर उंच झालं की कापायचं आणि त्याच दिवशी मेसला पोचवायचं.

माती नाही, मग बी पेरायचं कशावर? या एका प्रश्नानं तिचा अख्खा हिवाळा खाल्ला होता. नारळाचा भुसा आणला, तर तो पाल्याला चिकटून खाणाऱ्याच्या दाताखाली यायला लागला. तरट अंथरलं, तर बुरशी धरली आणि असा वास सुटला की अम्मीनं माडीवर येणंच सोडलं. कागद लातूरच्या उन्हात दुपारपर्यंत पापडासारखा वाळायचा. शेवटी घरचीच रुई बरी, असं ठरलं. पण जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीतून, आलेली कोरी रुई मोठी मानी! वर पाणी ओतलं तर ओघळून जायचं, आत म्हणून शिरायचं नाही. धुण्याच्या सोड्यात उकळली तेव्हा कुठे ती पाणी प्यायला लागली. मग मुळं तिच्यात अशी रुतली की वरचा पाला सपासप कापता यायचा. रुई उकळून, वाळवून, पिंजून तिचे पातळ थर करून द्यायचं काम अब्बांनी आपणहून घेतलं होतं.

म्हणून तर ती एवढी तडकली.

"ताई, तोंड सांभाळून बोला. हदगावच्या जिनातली कोरी रुई हाय ती, माझ्या अब्बांनी उकळलेली. दोरा कुणाच्या ओढणीचा असंल. अब्बांची कसम खाऊन सांगते!"

आवाज असा चढला की पोरींचे घास हातातच राहिले. शिल्पाताईंनी दोरा टाकून दिला आणि "बरं बाई, चुकलं माझं" म्हणत त्या आत गेल्या.

कहकशां जिंकून घरी आली. माडीवर कापून झालेला एक ट्रे होता. उगाच मनाच्या समाधानासाठी तिनं त्यातला रुईचा थर उसवला. मुळांच्या जाळ्यात पिवळा दोरा निघाला. मग निळा. मग गादीच्या खोळीची नखाएवढी चट्टेरी चिंधी. 

अब्बा खाली पिंजायच्या मशीनपाशी होते. तिनं चिंधी त्यांच्यापुढे धरली.

"ही रुई कुठली?"

"जुन्या गाद्यांची," ते सहज म्हणाले. "उकळायला पाणी कुठंय, बेटा? टँकरची वाट बघून राहिलो. जुनी रुई न उकळताच पाणी पिते. अन् पिंजली की नवी."

त्यांच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात, आणि गादीपुरतं ते खरंही आहे.

"भूकंपाच्या साली किल्लारीकडून ढिगाऱ्यातल्या गाद्या आल्या," अब्बा सांगू लागले. "मातीनं भरलेल्या. मी अन् माझ्या बापानं रातंदिस पिंजल्या. लोकांनी दुआ दिली. जुनी का नवी, कुणी विचारलं न्हाई."

"त्यांना झोपायचं होतं, अब्बा! ह्या पोरी कच्चं खाऊन राहिल्यात! कुणाकुणाचा घाम, कुणाचं आजारपण असंल त्या रुईत. अन् मी तुमची कसम खाऊन भांडले!"

"मिटलं ना तिथं? मग गप राहा की."

"रुई पिंजून नवी होते, अब्बा. कसम न्हाई होत."

सकाळचा पाला संध्याकाळच्या ताटांतही वाढला जाणार होता. ती तडक मेसवर गेली. पोरी जेवायला बसल्याच होत्या; तिनं आत स्वयंपाकघरात जाऊन शिल्पाताईंना खरं काय ते सांगितलं. तिला वाटलं, आता बाई आकाश डोक्यावर घेणार. शिल्पाताईंनी उलट दार लोटलं.

"हळू बोल! परीक्षा तोंडावर आली, आईबाप बोंबलत येतील. पुढच्या खेपेला चांगली रुई वापर, झालं."

सकाळी जुनंपानं म्हणून गळा काढणारी हीच ती बाई! आता हिला ना पोरी दिसत होत्या ना त्यांचं ताट. कहकशांला संताप आवरेना.

"सकाळी साऱ्यांसमोर बोललात ना? मग आताही साऱ्यांसमोरच."

तिनं दार ढकललं आणि टेबलांच्या मधोमध उभी राहून सगळं सांगितलं. रुई जुन्या गाद्यांची होती, दोरा गादीचाच होता, पाला खाऊ नका. कुणी तोंड दाबून बाहेर पळाली, कुणी ताट लोटलं. माहूरकडची शिवकन्या मात्र बसून तिच्याकडे बघत राहिली.

"मग सकाळी एवढी भांडलीस कशाला?"

"सकाळी मला ते खरं वाटत होतं."

"कसम खाऊन सांगितलंस. आम्ही शिल्पाताईला खोटं ठरवलं अन् तुझं ऐकून खाल्लं. आता तुझं काय अन् कशावरून मानायचं?"

 कहकशांनं बादली ओढली आणि एकेका ताटातला पाला हातानं काढून तीत टाकायला लागली. मदतीला कुणी उठलं नाही.