पिवळा शिंपला

चार-पाच वर्षांच्या पोरांच्या हातात काय द्यावं, यावर ठाण्यातल्या त्या शाळेत तीन बैठका झाल्या. पोरांशी जी आयुष्यात कधी दोन शब्द धड बोललेली नव्हती, अशी पाच मोठी माणसं तीन संध्याकाळ त्यावर तावातावाने बोलत होती.

साल अठराशे शहाऐंशी. तळ्याच्या बाजूला एका भाड्याच्या घरात मुलींची शाळा भरायची आणि तिच्या मागच्या खोलीत बिगरी. बिगरी म्हणजे अजून यत्तेत न गेलेली बावीस चिमुरडी, मुलगे-मुली एकत्र. त्यांना सांभाळायला एकट्या सगुणाबाई. चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या, पुण्याला जाऊन शिकून आलेल्या, आणि आता कचेरीत कारकून असलेल्या धाकट्या भावाकडे, त्र्यंबककडे राहणाऱ्या. शाळा सुटली की त्या लाल आलवणातली एक बाई होत. शाळेत मात्र त्या बाई होत्या. दोन्हींत किती अंतर आहे ते त्यांनाच ठाऊक.

पाहणीला आलेले शाळाखात्याचे डेप्युटी सांगून गेले होते, की लहान मुलांना नुसती धुळाक्षरं गिरवायला लावू नका, चित्रं काढू द्या, रंगवू द्या. पुढच्या खेपेला बघण्यासारखं काही नसलं, तर बिगरी बंद. म्हणजे सगुणाबाईंनी पुन्हा भावाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं.

शाळा चालवणाऱ्या पंचांचे प्रमुख भाऊसाहेब हौशी गृहस्थ. त्यांनी मुंबईहून विलायती रंगांची पेटी आणून पुढ्यात ठेवली. वड्या, चिनी मातीची ताटली, कुंचल्या. पंचांतल्या विनायकशास्त्र्यांनी ती लांबूनच पाहिली. त्यांचा नातू बिगरीत होता.

"या कुंचलीचे केस कशाचे?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेबांना ठाऊक नव्हतं.

"डुकराचे असतात. आणि वड्या बांधतात त्या सरसाने, कातडी उकळून काढलेल्या. पोरं काय नुसती बघत बसणार आहेत? वस्तू आधी तोंडात जाते, मग हातात येते. तोंडात जाणारी वस्तू सोवळ्यातलीच हवी."

यावर कुणाचं काही चाललं नाही. पाटी-पेन्सिल आली, तर पोरं थुंकी लावून पुसतात म्हणून ती उष्टी. राहता राहिला कोळसा नि गेरू. शाळेचं अंगण झाडायला येणारी शेवंती दारापासून दोन हात लांब उभी होती. तिकडूनच म्हणाली, "बाय, आमची भिकी गेरूनंच काढतं. भितीवर काय काय काढतं ती!" मोठ्या माणसांच्या बैठकीत तिचं बोलणं ऐकू येण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे ते कुणालाच ऐकू आलं नाही. तशी भिकीही बिगरीत होती, म्हणजे ओट्यावर, दाराबाहेर. तिला तेवढं तरी बसू द्यावं म्हणून सगुणाबाईंनी पंचांशी भांडण काढलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटायचा.

"माझ्याकडे आहेत रंग," सगुणाबाई म्हणाल्या. "बाबांचे. पोथीचे."

सगळ्यांचे चेहरे उजळले. सगुणाबाईंचे वडील कल्याणला पोथ्या उतरून द्यायचे. हात असा, की ओळ मोजून घ्यावी. त्यांची लाकडी पेटी सगुणाबाईंनी जिवापाड जपलेली. तिच्यात गेरू होता, काजळी होती, आणि पिवळ्या हरताळाचे सोन्यासारखे चकचकीत खडे होते. अक्षर चुकलं की वडील त्यावर हरताळ फासायचे. चांगल्या पोथीच्या सगळ्या कागदालाच तो द्यायचे. "हरताळ लावला की शंभर वर्षं कसर लागत नाही," असं म्हणायचे. देवाचं नाव ज्यावर लिहायचं, त्या कागदाचा रंग. याहून सोवळं काय असणार?

"झकास!" भाऊसाहेब म्हणाले आणि विलायती पेटी घरी घेऊन गेले.

सगुणाबाईंनी चार दिवस खल चालवला. हरताळ मैद्यासारखा झाला, तेव्हा त्यात बाभळीचा डिंक घातला, आणि रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून, वडील घालायचे तसा, गुळाचा खडा. खाडीवरचे शिंपले धुऊन त्यांत रंग ओतले. खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली शास्त्र्यांना चालली नसती, म्हणून केवड्याच्या मुळ्या ठेचून कुंचल्या केल्या. त्यांना टोक राहीना. मग वडील करायचे तेच त्यांनी पोरांना शिकवलं, "टोक पसरलं की असं ओठांत धरायचं. हलकेच. आलं की नाही?"

आतल्या सगळ्या पोरांनी कुंचल्या ओठांत धरल्या. रंग गोड लागला आणि बिगरीत आनंदीआनंद झाला.

त्यातली एक मंदाकिनी. त्र्यंबकची एकुलती एक, साडेचार वर्षांची. घरात तिचा जीव आईपेक्षा आत्यावर जास्त. सगुणाबाई वर्गात तिला वेगळं वागवत नसत, असं त्या म्हणायच्या. पण सगळ्यांत भरलेला पिवळा शिंपला कुणापुढे जायचा, ते पोरांनाही कळत होतं. मंदा रोज सूर्यच काढायची. मोठाच्या मोठा, कागदाबाहेर जाणारा.

भिकीला ओट्यावर कोळसा दिला होता. पोथीच्या पेटीतला रंग तिला कसा देणार? सगुणाबाईंनी तेवढ्यासाठी पुन्हा भांडण काढलं नाही. सगळं एकदम मागू नये, असं त्यांनी मनाशी म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात भिकी उंबऱ्याशी सरकत आली.

"आत्या, तिला पण पिवळा हवा," म्हणत मंदाने शिंपला पुढे केला. भिकीचं बोट त्याच्या काठाला लागलं न लागलं, तोच सगुणाबाईंनी धावत जाऊन तिचा हात मागे ढकलला.

"तुला कोळसा दिलाय ना? मग!"

भिकी रडली नाही. तिला सवय होती. विनायकशास्त्र्यांचा नातू मात्र हे सगळं घरी जाऊन सांगून आला.

त्या शुक्रवारी दुपारी मंदाने शिंपला चाटूनपुसून साफ केला. घरी येईस्तोवर तिला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. पाणी पोटात ठरेना. पायांत गोळे यायला लागले, तशी ती किंचाळू लागली. आळीत पटकीची हाकाटी झाली. मंदाच्या आईने, वहिनींनी, देव पाण्यात ठेवले. त्र्यंबक सरकारी डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली.

"घरात उंदरांसाठी सोमल ठेवता?"

"छे हो!" वहिनी म्हणाल्या.

"नीट आठवा. पटकी वाटत नाही मला ही."

सगुणाबाई मंदाचं तोंड पुसत होत्या. ओठांच्या कोपऱ्यात पिवळं होतं. त्यांनी ते पुसलं. फडक्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. शंभर वर्षं कसर लागत नाही. का लागत नाही? कारण जी लागते ती मरते. इतकी साधी गोष्ट! वडिलांचे तळहात शेवटी शेवटी खडबडीत झाले होते, चामखिळी उठलेले. पाय बधिर व्हायचे, पोट सदा दुखायचं. लोक म्हणायचे, बैठं काम आहे, होणारच. आणि ते रोज कुंचली ओठांत धरायचे.

त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "हरताळातही सोमलच असतो," डॉक्टर म्हणाले, आणि दूध पाजायला सांगून, औषध देऊन गेले. दूध ठरलं नाही. शनिवारी दुपारी मंदा गेली. आत्याचा पदर तिच्या मुठीत होता, तो सोडवून घ्यावा लागला.

बिगरीतली आणखी तीन पोरं आजारी पडली होती, ती हळूहळू सावरली. ओट्यावरच्या भिकीला मात्र साधी शिंकही आली नव्हती. लोकांना तेवढं पुरे झालं. तीन दिवसांचं सुतक फिटलं आणि पंच शाळेत जमले. शेवंतीला अंगणात उभं केलं होतं. भिकी तिच्या लुगड्याला धरून.

"शिंपल्याला हात लावला हिने," विनायकशास्त्री म्हणाले. "माझ्या नातवाने डोळ्यांनी पाहिलं. सोवळ्यातली वस्तू विटाळली, की हे असं होतं. मायलेकींना आजच्या आज ठाण्याबाहेर घालवा."

"लावू नाय दिला वो बायनं," शेवंती म्हणत होती. "इचारा बायला. हात ढकलला तिचा."

सगळ्यांनी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्र्यंबकही होता, भिंतीला टेकून, दाढी वाढलेली. सगुणाबाई गप्प राहिल्या असत्या तर बिगरीही राहिली असती. नवे रंग आणता आले असते. सगुणाबाईंनी पेटी आणून मध्यभागी ठेवली आणि झाकण उघडलं.

"पोर रंगाने गेली. हरताळात सोमलाचं विष असतं. डॉक्टरांना विचारा."

"काहीतरीच!" शास्त्री हसले. "माझ्या घरी हरताळाच्या तीस पोथ्या आहेत. देवाच्या कामाचा रंग तो. तो कसा मारील?"

"मग जिभेला लावा."

त्यांनी एक भरलेला शिंपला शास्त्र्यांपुढे धरला. मग भाऊसाहेबांपुढे. मग एकेकापुढे. कुणाचाही हात वर आला नाही. भाऊसाहेब उपरणं सारखं करू लागले. शास्त्री खिडकीबाहेर बघू लागले. शेवंतीचं नाव मग कुणी काढलं नाही, आणि तिने कुणाची वाट न पाहता लेकीला उचलून कडेवर घेतलं.

शिंपला त्र्यंबकपुढे आला, तेव्हा त्याने तो हातात घेतला. सगुणाबाईंनी झडप घालून परत घेतला. त्याचं लक्ष शिंपल्याकडे नव्हतंच. तो अंगणातल्या भिकीकडे बघत होता.

"अक्का," तो म्हणाला. चार दिवसांत तो पहिल्यांदाच बोलत होता. "त्या पोरीला हा रंग का नाही दिलास?"

सगुणाबाईंना खोटं सांगता आलं असतं. त्या क्षणी तर कुणी उलटून विचारलंही नसतं.

"चांगला होता म्हणून," त्या म्हणाल्या.